पालीला जमतं, मग दादाला का नाही? : ‘गोदाकाठ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘गोदाकाठ’ यांस,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी चिडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की त्यात एका ठिकाणी तुम्ही मला रंगेहाथ पकडलंय. म्हणून हे जरा लांबलचक उत्तर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की गुडघा, मणका, हृदय, कशावरही टोचली जाणारी मूलपेशींची (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशींची) महागडी इंजेक्शनं म्हणजे बहुतेक वेळा पैसे पाण्यात. त्यावर ‘गोदाकाठ’ यांचं म्हणणं असं: पालीला शेपटी येते, अ‍ॅक्सोलॉटल या सॅलमँडरला पाय येतो, ते मूलपेशींमुळेच, मग त्याच पेशी त्यांच्या मोठ्या भावाच्या, दादाच्या हृदयात सोडल्या तर बिघडलं कुठे? शिवाय ‘माणसात पुनर्जनन होतच नाही’ (म्हणजे तुटलेला भाग पुन्हा उगवतच नाही) हे माझं वाक्य खोटं आहे, आणि मला सगळं शहाणपण परदेशातच दिसतं.

मधला मुद्दा आधी, कारण तिथे मी चुकले. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेलं यकृत वाढून भरपाई करतं. यकृतदान त्याच्याच जोरावर होतं. लहान मुलांच्या बोटाचं टोक दारात चिरडून तुटलं आणि टाके न घालता नुसतं झाकून ठेवलं, तर ते नखासकट परत येतं, हे शेफिल्डच्या सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरीणबाईंनी 1974 मध्ये छापलं. तेव्हा ‘होतच नाही’ हे शब्द मी मागे घेते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पाल. तिची नवी शेपटी नीट बघा कधी. रंग वेगळा, खवले वेगळे, आणि आत मणके नसतातच, कूर्चेची एक सलग नळी असते. म्हणजे पालीलाही अर्धवटच जमतं! पेशी वाढल्या, शेपटीसारखं काहीतरी झालं, पण मूळ नकाशा काही उतरला नाही. माझा सगळा वाद या नकाशावरून आहे.

एमएस्सीला असताना मी हायड्रा (गोड्या पाण्यातला नळीसारखा इवलासा प्राणी) कापायचे. काचेच्या बशीत पाणी, सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या धारेने डोकं आणि पाय उडवायचे, आणि मधला रव्याच्या कणाएवढा तुकडा ठेवून द्यायचा. काही तासांत जखम मिटते आणि नुसता गोळा दिसतो. डोकं कुठलं, पाय कुठला, आपल्याला सांगता येत नाही. पण गोळ्याला माहीत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुंडकांचे (तोंडाभोवतीच्या सोंडांचे) बारीक उंचवटे येतात ते जी बाजू आधी डोक्याकडे होती तिकडेच. (पहिल्यांदा मी तुकडा उलटसुलट करून फसवायचा प्रयत्न केला होता. फसला नाही.) दोन्ही टोकांना पेशी तशाच, फरक फक्त पत्त्याचा.

प्लॅनेरियात हे आणखी स्पष्ट दिसतं. शाळेच्या पुस्तकातला तोच तो चपटा किडा. त्याच्या अंगभर निओब्लास्ट नावाच्या मूलपेशी असतात. 2011 मध्ये पीटर रेडियन यांच्या गटाने किरणोत्सर्गाने निओब्लास्ट मारून टाकलेल्या किड्यात अशी एकच पेशी सोडली आणि मरायला टेकलेला प्राणी सावरला. वाचून तुम्ही म्हणाल, बघा, माझंच खरं! पण त्याच्या तीन वर्षं आधीचा प्रयोग बघा. बीटा-कॅटेनिन हे एक प्रथिन बंद पाडलं आणि शेपूट कापली, तर शेपटीच्या जागी दुसरं डोकं उगवतं. निओब्लास्ट अगदी ठणठणीत, कामाला तयार. त्यांना फक्त चुकीचा निरोप मिळाला.

आणि आता तुमचं ‘परदेश’. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालंय, हायड्राच्या एका वाणाच्या नावातच ‘इंड-पुणे’ आहे. पण मला सांगायचीय ती गोष्ट भुवनेश्वरची. उत्कल विद्यापीठातल्या प्रियंबदा मोहंती हेजमाडी यांनी बेडकाच्या एका जातीच्या पिल्लांच्या शेपट्या कापल्या आणि पिल्लं अ जीवनसत्त्वाच्या पाण्यात ठेवली. साध्या पाण्यात कापलेल्या शेपटीच्या जागी शेपटीच येते. इथे पाय आले! पार्श्वभागी, शेपटीच्या जागी, मागचे पाय, काहींना तर झुबक्याने. 1992 मध्ये ‘नेचर’ने ते छापलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा चक्रावल्या, कारण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात एका अवयवाच्या जागी भलताच अवयव येणं कुणी पाहिलं नव्हतं. ह्याच बाई ओडिसीच्या पहिल्या फळीतल्या नर्तिकाही होत्या. 1954 साली दिल्लीत त्यांनी केलेल्या नृत्याने ओडिशाबाहेर या शैलीकडे लक्ष गेलं असं मानतात. असो, विषय सुटतोय.

मुद्दा असा, की त्या शेपटीत कुणी पायाच्या पेशी टोचल्या नव्हत्या. अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल पेशींना ‘तू अंगात कुठे आहेस’ हे सांगणाऱ्या निरोप्यांपैकी एक आहे. पत्ता बदलला, अवयव बदलला. (मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन गरोदरपणात अजिबात घ्यायचं नसतं, कारण तेही याच घराण्यातलं.)

अ‍ॅक्सोलॉटलमध्ये हाच धागा 2025 मध्ये पुढे गेला. एली तनाका यांच्या गटाने दाखवलं, की करंगळीकडच्या बाजूच्या पेशी ‘हँड2’ हे जनुक मोठेपणीही मंद तेवत ठेवतात. पाय तुटला की त्याच्याच जोरावर ‘सॉनिक हेजहॉग’ हे दुसरं जनुक पेटतं आणि वाढ सुरू होते. ही आठवण जखमेच्या आधीपासूनची असते. आणि तिथल्या पेशी ‘काहीही’ होऊ शकणाऱ्या नसतात: स्नायूच्या पेशींपासून स्नायूच होतो, हे याच तनाकांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं होतं.

पेशी तयार करणं हा आता अडलेला भागच नाही. 2006 मध्ये शिन्या यामानाकांनी उंदराच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांनी मागे नेऊन मूलपेशींसारख्या केल्या, 2012 मध्ये नोबेलही मिळालं. कारखाना उभा आहे, अडलंय ते माल कुठे उतरवायचा यावर.

राहिला दादांचा प्रश्न, तुमच्या चिडण्यामागे खरा तोच आहे. झेब्राफिश या छोट्या माशाच्या हृदयाच्या रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी तो दोनेक महिन्यांत भरून येतो, पण मूलपेशींनी नव्हे, आधीच धडधडणाऱ्या स्नायूपेशी पुन्हा विभागून. आपल्या त्या पेशी विभागतात, पण किती? अणुचाचण्यांमुळे हवेत आलेल्या कार्बन-14 च्या पेशींतल्या प्रमाणावरून 2009 मध्ये हिशेब निघाला: पंचविशीत वर्षाला 1 टक्का पेशी नव्या, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. प्रौढ हृदयात मूलपेशी असतात आणि टोचून हृदय दुरुस्त होतं, या दाव्यावर हार्वर्डचे तेव्हाचे संशोधक पिएरो अँव्हर्सा यांचं नाव गाजलं. 2018 मध्ये हार्वर्डने आणि तिथल्या रुग्णालयानेच त्यांच्या गटाचे 31 शोधनिबंध मागे घ्यायला सांगितले. त्या निबंधांच्या भरवशावर रुग्णांवर चाचण्याही झाल्या होत्या.

आमच्याही घरात एकीने गुडघ्यासाठी असाच खर्च केला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिला दोन महिने बरं वाटलं, मग पुन्हा काठी. ‘बरं वाटलं’ हे तिचं खोटं नव्हतं, म्हणून तुमच्यावर हसायची माझी छाती नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत मूलपेशींचा मान्य उपचार एकच होता: रक्ताच्या आजारांसाठी अस्थिमज्जेतल्या वगैरे रक्तपेशी बनवणाऱ्या मूलपेशींचं रोपण. बाकी सगळं तेव्हा ‘चाचणी’ या सदरात होतं, आणि चाचणीची नोंद सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत असावी लागते. दादांना दिलेल्या कागदांवर तो नोंदणी क्रमांक आहे का, आणि पैसे कशाचे मागितलेत, हे आधी बघा. क्रमांक सापडला तर इथेच खाली टाका, मी उघडून वाचते आणि सांगते त्यात काय लिहिलंय ते.