अप्पर डेक, लोअर डेक आणि ॲप

आधीच सांगतो, मी काही पैसेवाला वगैरे नाही, बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजून रिटायर झालेला माणूस आहे, पण बायकोला समुद्राची आवड आणि मला आयत्या जेवणाची, त्यामुळे आमच्या आत्तापर्यंत तीन क्रूझ झाल्यात. पहिली २००३ ला सिंगापूरहून, दुसरी २०११ ला बार्सिलोनाहून आणि तिसरी २०२५ च्या सप्टेंबरात ग्रीसमधल्या पिरेअसहून. तीन क्रूझ म्हणजे ठाण्याला आमच्या सोसायटीत मी या विषयातला तज्ज्ञ, लोक गच्चीवर गाठून विचारतात की हो काका बोट लागते का. बोटीवर मात्र तीनला काडीची किंमत नाही. तिथे क्रूझ मोजतच नाहीत, रात्री मोजतात. पहिल्याच संध्याकाळी टेबलावर शेजारी एक अमेरिकन आजोबा आले, नाव सांगायच्या आधी त्यांनी सांगितलं, आठशे चाळीस रात्री. मी मनात हिशोब केला, माझ्या अठरा. पंढरपूरला पहिल्यांदा जाणाऱ्याने चाळीस वाऱ्या केलेल्या माळकऱ्याकडे जसं बघावं तसा मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

आणि मग ते आजोबा जे सुरू झाले ते सात दिवस थांबले नाहीत. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ताटाखालचा टेबलक्लॉथ पांढरा असायचा, आता उघडं लाकूड. पूर्वी उशीवर चॉकलेट असायचं. पूर्वी वेटरला पहिल्या दिवशी सांगितलं की मला कॉफी जेवणाआधी लागते, तर सातव्या दिवशी तो न विचारता आणायचा. मी आपला हो हो करत होतो, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी नुसता हो हो करत नाहीये, मीपण तेच बोलतोय, फक्त माझ्याकडे मटेरियल कमी आहे.

सुरुवात झाली ती ॲपपासून. पूर्वी रात्री केबिनच्या दारात उद्याच्या कार्यक्रमाचा छापील कागद यायचा, तो मी चष्मा लावून सकाळच्या चहाबरोबर वाचायचो, पेनाने खुणा करायचो आणि खुणा केलेल्यातलं काहीही न करता झोपायचो. आता कागद बंद. सगळं ॲपवर. मेन्यू ॲपवर, शोची सीट ॲपवर, बिल ॲपवर. ॲपला पासवर्ड पाहिजे. मी 'कोकणसेवक' टाकला, म्हणजे मुंबई-गोवा लायनीवरची आमची जुनी बोट, तर ॲप म्हणालं पासवर्ड फारच कमकुवत आहे. अरे कमकुवत काय, त्या बोटीने आमची अख्खी पिढी मालवणला नेऊन सोडली! शेवटी त्याला शेपटासारखे आकडे आणि चिन्हं चिकटवली तेव्हा ते गप्प बसलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शेपटी मी विसरलो.

मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याचा सराव, तोसुद्धा ॲपवर. हे मला खरंच आवडलं नाही. २००३ ला भोंगा वाजला की सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घालून डेकवर रांगेत उभं राहायचं, एक ऑफिसर डोकी मोजायचा, बायकोने जाकीट साडीवर घातलं होतं त्याचा फोटो अजून फ्रिजवर आहे. मग २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर घासून आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि त्या बोटीवर त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांचं ड्रिल दुसऱ्या दिवसावर ठेवलेलं होतं. त्यानंतर नियम कडक झाला, बोट सुटते तेव्हाच ड्रिल, उद्यावर टाकायचं नाही. इथपर्यंत उत्तम. पण कोविडनंतर गर्दी नको म्हणून व्हिडिओ फोनवर आला आणि तो तसाच राहिला. आता आपण तो व्हिडिओ पिझ्झाच्या लायनीत उभं राहून म्यूटवर बघायचा, मग नेमलेल्या जागी जाऊन कार्ड टेकवायचं, झालं ड्रिल. जुनं ड्रिल महाकंटाळवाणं होतं हे मान्य, पण आपली जीवरक्षक होडी कुठे आहे ते पायांना कळायचं.

सगळ्यात मोठा बदल म्हणाल तर बोटींचा आकार. आता जगातली मोठ्यात मोठी म्हणतात त्यातली आयकॉन ऑफ द सीज २०२४ च्या जानेवारीत निघाली, ३६५ मीटर लांब, २० डेक, सगळी भरली तर ७,६०० पॅसेंजर, म्हणजे आमच्या आजोळच्या चार-पाच गावांची लोकसंख्या एकाच बोटीवर आणि वर पाण्याच्या घसरगुंड्या. टनेजमध्ये टायटॅनिकच्या पाचपटीहून जास्त. दुसऱ्या टोकाला हॉटेलवाल्यांनी स्वतःच्या छोट्या यॉट काढल्यात, एका बड्या हॉटेल कंपनीची एवरिमा २०२२ ला सुरू झाली त्यात फक्त २९८ पाहुणे, आणि भाडं असं की ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि पाणी प्यायलो. म्हणजे खरी लक्झरी गेली तिकडे. मधल्या बोटी, ज्यांच्या ब्रोशरवर लक्झरी हा शब्द प्रत्येक पानावर असतो आणि ज्यात आमच्यासारखे लोक एफडी मोडून जातात, त्यांनी काय केलं, तर बोटीच्या पुढच्या भागात एक काचेचं दार बसवलं.

त्या दाराच्या पलीकडे स्वीटवाल्यांचा, म्हणजे महागड्या मोठ्या केबिनवाल्यांचा, वेगळा स्विमिंग पूल, वेगळं रेस्टॉरंट, वेगळा बार, वेगळी लिफ्ट. कार्ड टेकवलं की दार उघडतं, आमचं कार्ड टेकवलं की लाल लाइट लागतो. मी चुकून टेकवलं होतं, चुकून म्हणजे तीनदा. आता आमच्या आजोबांचं म्हणणं की हे सगळं नवीन आहे, पूर्वी बोटीवर सगळे सारखे. मला हसू आलं. टायटॅनिकवर तीन वर्ग होते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, मधे काही वर्षं क्रूझवाल्यांनी वर्ग काढून टाकले होते, ते आता काच लावून परत आणले इतकंच. आणि मला कुणी सांगायची गरज नाही, मी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून गोव्याच्या बोटीने गेलेला माणूस आहे. वर अप्पर डेक, खाली लोअर डेक, आम्ही खाली. अप्परच्या जिन्यापाशी एक माणूस उभा असायचा, त्याचं काम आमच्यासारखी पोरं वर जाऊ नयेत एवढंच. आता त्या माणसाच्या जागी लाल लाइट आहे. तो माणूस निदान आईची ओळख निघाली की सोडायचा.

एकदा हे डोक्यात बसलं की मग मला सगळीकडे गोव्याची बोटच दिसायला लागली.

उदाहरणार्थ पूलसाइडच्या आरामखुर्च्या. लोक पहाटे सहाला उठून खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर पुस्तक, पुस्तकावर एक चप्पल ठेवून परत झोपायला जातात. अर्धा तास माणूस दिसला नाही तर टॉवेल उचलला जाईल अशी पाटी आहे, पण टॉवेल कुणी उचललेला मी सात दिवसांत पाहिला नाही. आजोबा याच्यावर प्रचंड भडकलेले, म्हणे काय संस्कृती आलीय. मी त्यांना सांगायचा खूप प्रयत्न केला की ही सतरंजीची संस्कृती आहे, आमच्याकडे बोट लागायच्या आत माझे काका धक्क्यावरून उडी मारून डेकवर सतरंजी पसरायचे, चार कोपऱ्यांना चार वस्तू, एकीकडे ट्रंक, एकीकडे वळकटी, एकीकडे पाण्याचा तांब्या आणि चौथ्या कोपऱ्यात मी. मला हलू द्यायचे नाहीत, मी म्हणजे ती टॉवेलवरची चप्पल. बायको म्हणाली आपण पण सहाला उठू. उठलो. पावणेसहाला गेलो तरी सगळ्या खुर्च्यांवर चपला.

आणि मग सँटोरिनी. सँटोरिनीला बोट धक्क्याला लागतच नाही, ज्वालामुखीच्या त्या खोलगट दरीत समुद्रातच उभी राहते आणि गावातल्या लोकांच्या लहान बोटी येऊन माणसं नेतात. याला टेंडर म्हणतात. आम्ही याला पडाव म्हणतो. मालवणला बोट लांब उभी राहायची, पडाव हलायचा, लाट वर आली की खलाशी बखोटीला धरून पोरं खाली घ्यायचे, आई डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. इथे फरक एवढाच की पडावात उतरण्यासाठी ॲपवर नंबर घ्यायचा, काचेच्या दारापलीकडचे आधी, आठशे चाळीस रात्रीवाले त्यानंतर, अठरा रात्रीवाले जेव्हा जमेल तेव्हा. आमचा नंबर अकराला आला. खाली जुन्या बंदरात उतरल्यावर वर गावात जायला तीन मार्ग, केबल कार, गाढव किंवा पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या. केबल कारची रांग बघून बायको म्हणाली, चला पायऱ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, पण रांगेत उभं राहायचा अपमान तिला गुडघ्यापेक्षा जास्त लागतो. आम्ही चढलो, गाढवं आमच्या पुढे गेली, त्यांचं पाठीमागे राहिलेलं आम्ही चुकवत चढलो, वर पोचलो तर खालच्या दरीचा फोटो काढायलाही रांग. त्या बेटाने आता दिवसाला ८,००० क्रूझ पॅसेंजरांची मर्यादा घातलीय, आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून ग्रीसने सीझनला माणशी २० युरोचा करही लावलाय. आजोबांना तो कर म्हणजे लूट वाटते. मला विचाराल तर बरोबर आहे, आमच्या गावच्या गल्लीत रोज आठ हजार माणसं आइस्क्रीम खात फिरली असती तर आम्ही काठ्या काढल्या असत्या.

फॉर्मल नाइटचं दुःख मात्र माझं स्वतःचं आहे. २००३ ला कॅप्टनबरोबर कॉकटेल होती, मी लग्नातला सूट घातला होता, हिने पैठणी, कॅप्टनने वाकून हात मिळवला होता. या वेळी पण आम्ही सूट आणि पैठणी नेली, दोन किलो वजन, आणि डायनिंग हॉलमध्ये बघतो तर लोक चड्डीवर. त्याला आता नवीन नाव आहे, रिसॉर्ट कॅज्युअल का काहीतरी. बाजूच्या टेबलावरच्या बाईने हिला अतिशय प्रेमाने विचारलं, तुम्ही आज रात्रीच्या शोमध्ये आहात का? ही म्हणाली हो, साडेनऊला. मी काही बोललो नाही, पण साडेनऊला ती बाई पुढच्या रांगेत बसून वाट बघत होती.

जेवणाबद्दल फार बोलत नाही, मध्यरात्रीचा बुफे गेला, बर्फातला कोरलेला हंस गेला, कलिंगडाचा मोर गेला, शेवटच्या रात्री दिवे घालवून पेटतं आइस्क्रीम घेऊन वेटर नाचत यायचे आणि आपण नॅपकिन फिरवायचे तेही गेलं. दुसरी लॉबस्टर मागितली तर पैसे. चांगल्या रेस्टॉरंटला वेगळे पैसे, आणि वेगळे पैसे नकोत तर तुम्ही जिथे जेवताय ते चांगलं नाही हे आपोआप सिद्ध. पण खरं तेच सांगायचं तर भारतीय जेवण सुधारलंय. २००३ ला व्हेज म्हणजे उकडलेला फ्लॉवर, आता हेड वेटर आदल्या रात्री येऊन विचारतो उद्या काय करू. आमचा हेड वेटर मडगावचा निघाला, त्याने तिसऱ्या दिवशी आमटी केली, आणि हळूच सांगितलं की अंकल, आधी माझ्याकडे जेवढी टेबलं होती त्याच्या दीडपट झालीत, कॉफी लक्षात ठेवायला डोक्यात जागा कुठे. आजोबांना हे भाषांतर करून सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प बसले, त्या आठवड्यातलं ते रेकॉर्ड.

केबिनवालाही पूर्वी दोनदा यायचा, रात्री टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा. आता एकदाच, सकाळ की संध्याकाळ ते तुम्ही ठरवा. हत्ती बंद. टिप मात्र बंद नाही, उलट पूर्वी शेवटच्या रात्री पाकीट हातात द्यायचं, आता माणशी दिवसाला अठरा-वीस डॉलर आपोआप खात्यातून जातात, देणाऱ्याला दिल्यासारखं वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही. हिने व्हिडिओ बघून स्वतः टॉवेलचा हत्ती केला, तो उंदरासारखा झाला, मग आम्ही त्याला मूषक म्हणून टेबलावर ठेवला आणि निघताना नमस्कार केला.

व्हिडिओ बघता आला कारण इंटरनेट. ही एक गोष्ट सगळे म्हणतात की सुधारली. २०११ ला मिनिटावर पैसे होते, तीस मिनिटं घेतली, त्यातली वीस ईमेल उघडण्यात गेली. आता बोटींवर स्टारलिंक, भर समुद्रात सिनेमा दिसतो. पण त्याआधी क्रूझचं खरं सुख काय होतं माहितीये का, कुणी गाठू शकत नव्हतं. या वेळी एजियन समुद्रात सूर्य बुडत होता, मी रेलिंगला टेकून जरा कुठे भारावून जायच्या बेतात होतो, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा व्हिडिओ कॉल, काका तुमची स्कूटर हलवावी लागेल, टाकीवाला आलाय. मी कॅमेरा फिरवून समुद्र दाखवला. ते म्हणाले बरं, मग चावी कुठे आहे?

शेवटच्या दिवशी आजोबांनी जाहीर केलं की ही आपली शेवटची क्रूझ, आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही. मीपण जोरात मान हलवली. दुपारी सहाव्या डेकवर फिरत होतो तर एका काउंटरला ही रांग, पुढच्या क्रूझचं बुकिंग, आज डिपॉझिट भरलं तर सूट. आठवडाभर कुरकुरणारे सगळे ओळखीचे चेहरे, टॉवेलवाले, लॉबस्टरवाले, आणि सगळ्यात पुढे आजोबा. मला बघून जरा ओशाळले, म्हणाले फक्त दोनच घेतल्या. मी हिला म्हटलं, आपण नुसतं विचारून तर बघू, विचारायला काय जातंय. अर्ध्या तासाने नंबर आला तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, अपॉइंटमेंट ॲपवर घ्यावी लागेल सर.

हिने माझ्या हातातून फोन घेतला.

"अहो, कोकणसेवकच्या पुढे काय लावलं होतं तुम्ही?"