मूळ टाइपवर बिनधास्त मेथड चिकटवा म्हणे!

धाकट्या भावाने परवा त्याचा जावास्क्रिप्ट कोड दाखवला. स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्या स्ट्रिंगना मेथड (डॉट लावून बोलवायची फंक्शन्स) पुरवणाऱ्या सामायिक साच्यावर, 'इजईमेल', ॲरेवर (यादीवर) आतल्या याद्या उलगडणारी 'फ्लॅटन', नंबरवर आणखी काहीबाही. हे कुठून शिकलास विचारलं, तर त्याने जावास्क्रिप्टच्या उदाहरणांसकट सगळीकडे फिरणारा एक फॉरवर्ड पुढे केला: 'हेल्पर फंक्शन्स जुनाट झाली, मूळ टाइपवरच मेथड टाका. कोड वाचायला सोपा, नाव आधी तपासलं की धोका शून्य, सगळ्या आधुनिक भाषा हेच करतात, शिवाय नलची (रिकाम्या मूल्याची) कटकट मिटते.'

वाचायला सोपं, हे कबूल. ट्रिम, मग लोअरकेस, मग स्प्लिट अशी साखळी डावीकडून सरळ वाचत जाता येते. फंक्शनात फंक्शन कोंबलं की आतून बाहेर वाचावं लागतं. पण स्ट्रिंगला ईमेलशी काय देणंघेणं? तो तुमच्या ॲपचा नियम आहे, ॲपच्या फंक्शनात राहू द्या.

'नाव तपासलं की धोका शून्य' हे मात्र डोकं फिरवणारं आहे. आज नाव मोकळं आहे, उद्याचं काय? मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने ॲरेच्या प्रोटोटाइपवर स्वतःची 'फ्लॅटन' चिकटवली होती. पुढे भाषेतच त्या नावाची मेथड आणायचं ठरलं, २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या नाइटली (चाचणीच्या) आवृत्तीत ती आली आणि एक जुनी साइट मोडली. गंमत म्हणजे मूटूल्स नाव तपासत बसत नव्हती, सरळ स्वतःची मेथड वर लिहायची. तरीही मोडलं! कारण भाषेची अंगभूत मेथड फॉर-इन लूपला (एकेक नाव वाचत जाणाऱ्या लूपला) दिसत नाही, आणि तिच्या जागी दुसरी लिहिली तरी तो अदृश्यपणा तसाच राहतो. मूटूल्स त्याच लूपने ॲरेच्या मेथड स्वतःच्या 'एलिमेंट्स'वर (पानावरच्या घटकांच्या यादीवर) उतरवत होती. तिथे 'फ्लॅटन' पोचलीच नाही. गूगलच्या डेव्हलपर साइटवर 'स्मूशगेट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचं सविस्तर पोस्टमॉर्टेम आहे, फॉरवर्ड करण्याआधी तेवढं वाचा. शेवटी भाषेलाच माघार घेऊन 'फ्लॅट' हे नाव घ्यावं लागलं.

आणि मूटूल्सने नाव तपासून मेथड टाकली असती तर? मूटूल्सची मेथड [१, [२, [३]]] पूर्ण सपाट करते. भाषेतली, काही न सांगता, एकच पातळी उलगडते: [१, २, [३]]. म्हणजे तपासणीने 'आहे बुवा' म्हणत तुमची मेथड बाजूला ठेवली असती, एरर आली नसती, आणि उत्तर गुपचूप बदललं असतं.

'सगळ्या भाषा हेच करतात' हे धादांत खोटं. गो आणि रस्ट दुसऱ्याच्या टाइपवर थेट मेथड लिहूच देत नाहीत. पायथनमध्ये 'एसटीआर'वर (तिथल्या स्ट्रिंगवर) काही चिकटवायला गेलात की टाइपएरर. कॉटलिन एक्स्टेन्शन (टाइपला हात न लावता बाहेरून जोडलेली मेथड) देते, ते आयात करावं लागतं म्हणून बरंच सुरक्षित. पण तिथेही मेंबर (टाइपची स्वतःची मेथड) आणि त्याच नावाचं एक्स्टेन्शन भिडले की मेंबर जिंकतो. कॉटलिनच्या लायब्ररीत लिस्टसाठी 'रिमूव्हफर्स्ट' एक्स्टेन्शन होतं. जावा २१ ने त्याच नावाची मेथड लिस्टमध्येच आणली. परिणाम: अँड्रॉइड १५ च्या एसडीकेवर (ॲप बनवण्याच्या साधनसंचावर) कम्पाइल केलेलं ॲप अँड्रॉइड १४ वर 'नोसचमेथडएरर' (अशी मेथडच नाही) देऊन कोसळू शकतं, आपण कोडची एक ओळही बदललेली नसताना.

भाषेच्या मालकांनी मेथड वाढवाव्यात, जरूर. पायथनमध्ये 'सरसकट'वर 'एलस्ट्रिप' लावून 'सर' काढायला गेलं की 'कट' उरतं, कारण ती उपसर्ग नव्हे, सुरुवातीची स आणि र ही अक्षरं संपेपर्यंत सोलत जाते. लोक इथे सतत फसायचे. म्हणून पेप ६१६ हा पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव आला आणि ३.९ मध्ये 'रिमूव्हप्रिफिक्स' मिळाली. ती 'सकट' देते. ही पद्धत झाली.

राहता राहिलं नल. कॉटलिन आणि सी-शार्पमध्ये एक्स्टेन्शन नलवरही चालवता येतं, तेवढं खरं. पण फॉरवर्डमधला कोड जावास्क्रिप्टचा आहे, आणि तिथे नलला प्रोटोटाइपच नाही. डॉट लावला की टाइपएरर. लिहिणाऱ्याने कन्सोलमध्ये एकदा चालवून तरी बघायचं होतं.