ए फॉर अटॅचमेंट

रोज पहाटे 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल यायचा आणि मी त्याला, बसमधून जाताना देवळाला करतात तसा, मान वाकवून पुढे जायचो.

परवा टेस्ट सर्व्हरसाठी ती बॅकअपची फाइल चढवली, तर पगाराचं टेबलच नाही. यूझर्सचंही नाही. मायएसक्यूएल हा आमचा डेटाबेस; त्याच्या डंपच्या, म्हणजे सगळी टेबलं उतरवून काढलेल्या, फाइलीत शेवटी 'डंप कम्प्लिटेड' अशी ओळ असते. इथे वाक्य मधेच तुटलेलं. टेबलं एबीसीडीच्या क्रमाने निघतात. आमची गाडी ए फॉर अटॅचमेंटलाच पंक्चर! पाइपच्या, म्हणजे एका प्रोग्रॅमचा माल दुसऱ्याला पोचवणाऱ्या नळीच्या, पलीकडे बसलेला जीझिप हा फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम मात्र हाती आलं तेवढं नीट घडी करून ठेवायचा आणि सगळं आलबेल म्हणून कळवायचा. हे सगळं चालवणारी स्क्रिप्ट शेवटच्याचंच ऐकते.

हाताने डंप लावला. चाळीस मिनिटांनी एरर.

"डिस्क भरली असेल," साहेब.

"अर्धी रिकामी आहे, सर."

"मग रीस्टार्ट कर."

केलं. पुन्हा चाळीस मिनिटं. मग नेट राइट टाइमआउट, म्हणजे डेटा पाठवताना सर्व्हर किती वेळ वाट बघतो तो, ६० सेकंदांवरून ६०० केला. एरर तीच, रो (टेबलातली ओळ) तीच: ४१२७०६. टाइमआउट असता तर दरवेळी वेगळ्या जागी मेला असता, हे डोक्यात यायला तिसरा चहा लागला. एररचं पूर्ण वाक्य तेव्हा कुठे वाचलं: पॅकेट (एका दमात पाठवायचा डेटा) मर्यादेपेक्षा मोठं.

रो उघडली. रजेचा अर्ज, सोबत ३१ एमबीची लग्नपत्रिका. सोनेरी गणपती, पानभर मोर, आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' सर्व्हर ६४ एमबीपर्यंत मुकाट गिळतो, डंपचा घसा मुळात २४ एमबीचा. लग्न गेल्या मे महिन्यातलं. म्हणजे तेव्हापासून आम्ही रोज रात्री त्या मोरापर्यंत जाऊन परत येत होतो.

बारशाची पत्रिका यायच्या आत मर्यादा १ जीबी केली. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल घातलं, म्हणजे मधला कुणी पडला तरी बोंब होईल. रात्री साडेनऊला शेवटची ओळ दिसली: 'डंप कम्प्लिटेड'. तिचा फोटो काढून बायकोला पाठवला. "जेवायला येताय का?" एवढंच उत्तर आलं.

सकाळी मेल: 'बॅकअप फेल्ड. नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.' पूर्ण बॅकअप एकदाच मावला होता, दुसऱ्याला जागा नव्हती.

साहेब पाठीमागे उभेच होते.

"मी काय म्हणत होतो?"