राणीबाग सहलीला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार ताई,

रिव्ह्यू नीट वाचला. वाघ झोपलेला होता, पेंग्विनसमोर धड थांबू दिलं नाही आणि तिथे बर्फही नव्हता, हत्तीवरची सवारी बंद आहे, गाइडने निम्मा वेळ झाडांत घालवला, मुलाने काचेवर थापा मारल्या तर त्याला सगळ्यांसमोर टोकलं. म्हणून ‘नाशिकहून भायखळ्यापर्यंत नेऊन फसवलं, पैसे परत द्या’, असं तुमचं म्हणणं आहे.

हत्तीचं आधी घेतो, कारण प्रत्येक सहलीत कुणीतरी हे विचारतंच. तुमच्या सासूबाई लहानपणी राणीबागेत हत्तीवर बसल्या होत्या, हे खरंच असणार. त्या पिढीतल्या कितीतरी घरांत तो फोटो आहे. पण २००९ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने देशभरातल्या प्राणीसंग्रहालयांना कळवलं की हत्ती ठेवू नका, त्यांना मोकळ्या जागेत, छावण्यांमध्ये हलवा. रोज मैलोन्‌मैल चालणारं जनावर आहे ते. पोरांना पाठीवर घेऊन त्याच त्या रस्त्याने फेऱ्या मारणं हा त्याचा जन्म नव्हे. सवारी बंद झाली याचं मला वैयक्तिक काही वाईट वाटत नाही, आणि आमच्या पत्रकावर हत्तीचं चित्रही नाही.

वाघ दुपारी झोपतो. पहाटे आणि दिवेलागणीला हिंडायचं आणि ऊन चढलं की सावलीत पडायचं, ही त्याची रीतच आहे. बाग उघडते साडेनऊला. ‘तिथल्या माणसाच्या हातावर शंभर रुपये ठेवले असते तर उठवला असता’, असं तुम्ही लिहिलंय. ते आम्ही करत नाही आणि पुढेही करणार नाही. बिबट्या हिंडताना बघायचा हट्टच असेल तर आपल्या निफाडच्या उसात तो बिनतिकीट दिसतो, पण तिथे सहल नेण्याची आमची छाती नाही.

बर्फाचा प्रश्न तुमच्या मुलाने विचारला होता आणि मला तो फार आवडला. हे हंबोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथला बराचसा किनारा कोरडा, वाळवंटी; थंड असतो तो समुद्राचा प्रवाह. त्यामुळे त्यांना बर्फाची गरजच नाही. गरज आहे ती गार हवेची आणि गार, गाळलेल्या पाण्याची, आणि मुंबईच्या दमट हवेत ती चोवीस तास राखणं हेच तिथलं खरं काम. २०१६ च्या जुलैत त्यांना सेऊलहून आणलं आणि लोकांसाठी कक्ष उघडला २०१७ च्या मार्चमध्ये. मधले महिने नुसते तयारीत गेले. काचेसमोरची रांग पुढे सरकवतात ती बागेची माणसं, आमची नव्हेत. सवडीने बघायचं असेल तर रविवार सोडून या. फक्त बुधवार नको, त्या दिवशी बाग बंद असते. आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुट्टी द्यायची, असा नियमच आहे.

झाडांत वेळ गेला, हे अगदी खरं. तो आम्ही मुद्दाम घालवतो. १८६२ मध्ये ही बाग लोकांना खुली झाली ती वनस्पतींची बाग म्हणून, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने उभी केलेली. १८७३ मध्ये ती महापालिकेकडे आली. पिंजरे मागाहून आले. व्हिक्टोरिया राणीचं नाव जाऊन जिजामातांचं आलं, तरी झाडं जिथल्या तिथे आहेत. उर्वशीचं झाड फुललेलं असताना त्याच्याखालून मान वर न करता जाणारा माणूस मला तरी समजत नाही. गोरखचिंचेच्या खोडाला हातात हात धरून पोरांनी कडं केलं, तरी ते पुरं होईना, म्हणून तुमच्या चिरंजीवांनी स्वतःच्या वडिलांना ओढत आणून मध्ये उभं केलं. फोटो ग्रुपवर आहे. त्यात तो कंटाळलेला दिसत नाही.

राहिली काच. प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं याला वन्यजीव संरक्षण कायद्यातच बंदी आहे, आणि हे आम्ही बस नाशिकच्या मुंबई नाक्यावरून सुटतानाच माइकवर सांगतो. मुलाने एकदा सांगितल्यावर हात खाली घेतला. जाळीतून वेफर्स सरकवणारे एक काका मात्र तीनदा सांगूनही ऐकेनात. त्यांनी आम्हाला चार स्टार दिलेत.

‘गेटवर तिकीट पन्नास रुपये आणि तुम्ही एवढे घेता’ याबद्दल: तिकिटाचे पैसे महापालिकेकडे जातात. २०१७ पर्यंत ते पाच रुपये होतं. बाकीच्या रकमेत बस, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, नाश्ता, जेवण आणि गाइड येतो. यातलं काहीही कमी दिलेलं नाही, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. तुम्ही पक्कं बिल मागितलं होतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. नावात काही बदल हवा असेल तर शनिवारपर्यंत कळवा.