बॅगपाइपवर बंदी घालणारा कायदा झालाच नव्हता

स्कॉटलंडच्या इतिहासाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. १७४६ साली कलॉडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याचे समर्थक असलेले बंडखोर, हरल्यावर इंग्रजांनी बॅगपाइपवर कायद्याने बंदी घातली, वाजवणाऱ्यांना फासावर चढवले आणि १७८२ पर्यंत हे वाद्य मुके राहिले, असे त्यात म्हटलेले असते.

आधी कायदा पाहू. १७४६ च्या त्या कायद्याने हायलँड या स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात हत्यारे बाळगण्यास आणि स्कॉटलंडभर पुरुषांनी टार्टन (चौकड्यांचे कापड) व किल्ट (घागऱ्यासारखे वस्त्र) हा हायलँडचा पोशाख घालण्यास मनाई केली. पोशाखाचा गुन्हा दुसऱ्यांदा घडल्यास सात वर्षे सागरापारच्या वसाहतीत हद्दपारी, इतके बारीक तपशील त्यात आहेत, पण बॅगपाइपचा उल्लेख मात्र कुठेही नाही. शिवाय ‘इंग्रजांनी’ हा शब्दही दिशाभूल करतो, कारण कायदा ब्रिटनच्या संसदेचा होता आणि कलॉडनला सरकारच्या बाजूने स्कॉटिश पलटणीही लढल्या होत्या. मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखांचा नामांकित पाइपर (बॅगपाइपवादक) डोनल्ड बान मॅक्रिमन त्याच वर्षी मॉय येथे मारला गेला, तोही सरकारी बाजूने चालून जाताना.

फाशीचा दाखला म्हणून जेम्स रीड या पाइपरचे नाव घेतले जाते. ती फाशी खरी आहे. आपण शस्त्र उचलले नाही, केवळ वाद्य वाजवले, हा त्याचा बचाव यॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. हायलँडची पलटण पाइपरशिवाय कधी कूच करत नाही, म्हणून त्याचे वाद्य हे युद्धाचेच साधन, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हे वाक्य इतके चटकदार आहे की पुढे त्यालाच कायदा समजले गेले. प्रत्यक्षात आरोप राजद्रोहाचा होता, आणि रीड ज्या कार्लाइलच्या जॅकोबाइट शिबंदीत पकडला गेला ती डिसेंबर १७४५ मध्येच, म्हणजे हा कायदा होण्याच्या कित्येक महिने आधी, शरण आली होती.

उरला मौनाचा दावा. पोशाखबंदीतून सैन्याला सूट होती आणि हायलँडच्या पलटणींत पाइपर होतेच. जोसेफ मॅकडोनल्डने १७६० च्या सुमारास या वाद्याच्या वादनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आलेला हा तरुण इथेच वारला आणि ग्रंथ १८०३ मध्ये त्याच्या भावाने छापून आणला. सर्वांत बोलका पुरावा फॉलकर्कचा आहे: हायलँड सोसायटी ऑफ लंडनने तिथे बॅगपाइपवादनाची स्पर्धा भरवली ती १७८१ मध्ये, पोशाखबंदी उठण्याच्या आदल्या वर्षी, आणि तीही उघडपणे.

ओहोटी लागली ती पीब्रोख या दीर्घ, अभिजात वादनप्रकाराच्या आश्रयाला. १७४७ मध्ये कुलप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार संपवण्यात आले. पुढे ते लष्करी सरदार न राहता भाडे वसूल करणारे जमीनदार बनत गेले, आणि पाइपरला जमीन तोडून देऊन पोसण्याचे कारण त्यांना उरले नाही. स्काय बेटावरील बोररेगची मॅक्रिमन घराण्याची विद्यापरंपरा त्याच शतकाच्या उत्तरार्धात मोडली, ती कोणत्याही हुकुमाशिवाय.