अॅडेलबर्ट एम्स यांच्यावरचा चुकीचा शिक्का

अमेरिकेच्या इतिहासात अॅडेलबर्ट एम्स हे नाव बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं. मिसिसिपीचे गव्हर्नर, मूळचे उत्तरेकडचे, १८७६ मध्ये महाभियोगाच्या तोंडावर राजीनामा देऊन निघून गेले. वर ‘कार्पेटबॅगर’ हा शिक्का, म्हणजे यादवी युद्ध संपल्यावर पिशवी उचलून दक्षिणेत लुटायला आलेला उपरा. मला हा शिक्का अजिबात पटत नाही. एम्स यांच्यावर आक्षेप माझाही आहे, पण तो निराळा. त्याकडे येतोच.

जन्म १८३५, मेन राज्यातल्या रॉकलंडचा. वडील जहाजाचे कप्तान. १८६१ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि त्याच उन्हाळ्यात यादवी युद्धातल्या बुल रनच्या लढाईत उत्तरेच्या बाजूनं उतरले. मांडीत गोळी घुसली तरी तोफा सोडून जाईनात. उभं राहता येईना, तेव्हा दारूगोळ्याच्या गाड्यावर बसून हुकूम देत राहिले. त्याबद्दल पुढे मेडल ऑफ ऑनर हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. युद्ध संपलं तेव्हा तिशीही उलटली नव्हती आणि माणूस जनरल झाला होता.

युद्धात हरलेल्या दक्षिणेवर तेव्हा लष्कराचा अंमल होता. १८६८ मध्ये लष्करानं त्यांना मिसिसिपीचे हंगामी गव्हर्नर नेमलं. म्हणजे आले ते हुकमानं, पिशवी घेऊन नव्हे. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त लोक काळे, तिथे ज्यूरीत एकही काळा माणूस बसत नव्हता. एम्सनी १८६९ मध्ये ते दार उघडलं. नॅचेझ गावात जॉन लिंच नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराला जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधीश, केलं. हा लिंच गुलाम म्हणून जन्मलेला. पुढे तो राज्याच्या विधानसभेचा सभापती झाला आणि वॉशिंग्टनला काँग्रेसमध्येही गेला. या एका नेमणुकीसाठीसुद्धा मी एम्सना बरेच गुण देईन.

मधली काही वर्षं ते सिनेटर होते. मग आलं १८७३. मराठी वाचकाला हे साल ओळखीचं आहे. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ याच वर्षी छापली आणि अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एम्स मिसिसिपीत मतांवर गव्हर्नर म्हणून निवडून आले. सोबत लेफ्टनंट गव्हर्नर काळा, सेक्रेटरी ऑफ स्टेट काळा, शिक्षण खात्याचा प्रमुखही काळा. पुण्यात बसून अमेरिकेकडे आशेनं पाहावं असेच ते दिवस होते.

टिकले जेमतेम दोन वर्षं.

१८७४ च्या डिसेंबरात विक्सबर्गमध्ये गोऱ्या टोळक्यांनी काळ्या शेरीफला, पीटर क्रॉसबीला, दमदाटी करून राजीनामा द्यायला लावला. त्याच्या बाजूनं गावाकडून आलेल्या माणसांवर गोळ्या घातल्या. पुढचं साल निवडणुकीचं. ४ सप्टेंबर १८७५ ला जॅक्सनजवळच्या क्लिंटन गावात रिपब्लिकनांची, म्हणजे एम्स यांच्या पक्षाची, सभा होती, जेवणावळीसकट. लोक बायकामुलांना घेऊन आलेले. तिथे गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं पडली. आणि मग पुढचे काही दिवस आसपासच्या भागात काळ्या माणसांना घराघरांतून हुडकून मारलं. अंदाज तीस ते पन्नास जणांचा आहे.

एम्सनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे फौज मागितली. उत्तर आलं ते अॅटर्नी जनरल पियरपाँट यांच्याकडून. त्यात ग्रँट यांचंच वाक्य होतं, दक्षिणेतल्या या दरवर्षीच्या शरद ऋतूतल्या दंग्यांना सगळी जनता कंटाळली आहे. कंटाळली! लिंच यांनी नंतर लिहून ठेवलंय की ग्रँटनी त्यांच्याजवळ खरं कारण कबूल केलं. उत्तरेतल्या ओहायो राज्याची निवडणूक तोंडावर होती, आणि मिसिसिपीत फौज पाठवली तर ओहायो हातचं जाईल असं पक्षाच्या लोकांनी बजावलं होतं. हिशेब साधा होता. ओहायो ठेवायचं, मिसिसिपी सोडायचं.

आता माझा आक्षेप. एम्स यांच्याकडे चार्ल्स कॉल्डवेल होता. पूर्वीचा गुलाम, धंद्यानं लोहार, आता राज्याच्या सिनेटचा सदस्य. ऑक्टोबरात हा माणूस काळ्या शिपायांची शंभरेक जणांची मिलिशिया (राज्याची नागरी फौज) तुकडी घेऊन जॅक्सनहून एडवर्ड्स गावापर्यंत चालत गेला आणि परत आला, हत्यारबंद विरोधकांच्या भागातून. कुणाची गोळी झाडायची छाती झाली नाही. आणि चारच दिवसांत, १३ ऑक्टोबरला, एम्सनी विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे पुढारी जेम्स जॉर्ज यांच्याशी समझोता केला. तुम्ही शांतता राखा, आम्ही मिलिशिया विसर्जित करतो. वांशिक युद्ध पेटेल आणि काळेच जास्त मरतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण हत्यारं खाली ठेवली ती एकाच बाजूनं. बुल रनवर गाड्यावरून न उठणारा माणूस इथे शब्दावर विसंबला.

आपण हरलोय हे त्यांना कळत होतं. त्याच सुमारास बायकोला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की शस्त्रांच्या बळावर क्रांती झाली आहे, एका वंशाचा मताधिकार गेला आहे, आणि दुसऱ्या गुलामगिरीचं युग येतंय. नोव्हेंबरात मतदान झालं. याझू काउंटीत दोन वर्षांपूर्वी रिपब्लिकनांना दोन हजारांवर मतं होती. या वेळी पडली सात.

अशा मतदानातून आलेल्या विधिमंडळानं मग महाभियोग चालवला. क्रम बघण्यासारखा आहे. एम्स गेले तर काळे लेफ्टनंट गव्हर्नर ए. के. डेव्हिस गादीवर बसणार, म्हणून आधी डेव्हिसनाच दोषी ठरवून काढलं. मग एम्स. विक्सबर्गच्या रक्तपाताचं खापरही त्यांच्याच माथी. शेवटी आरोप मागे घेण्याच्या बोलीवर त्यांनी २९ मार्च १८७६ ला राजीनामा दिला. आणि ज्यांनी ‘लुटारू राजवट’ संपवल्याचा टेंभा मिरवला, त्यांच्या राज्यात खजिनदार झालेल्या विल्यम हेमिंग्वे यांच्या तिजोरीत १८९० मध्ये तीन लाखांहून जास्त डॉलर कमी भरले! त्याच साली नवी राज्यघटना आणून काळ्यांचं मत कायद्यानंच काढून घेतलं.

एम्स यांचं पुढचं आयुष्य लांबलचक आहे. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला घरची पिठाची गिरणी होती, तिथे गेले, तर काही महिन्यांत कुख्यात दरोडेखोर जेसी जेम्सच्या टोळीनं तिथलीच बँक लुटायचा प्रयत्न केला. टोळीतल्या यंगर भावांच्या सांगण्यानुसार एक कारण हेच, की तिथे एम्स आणि त्यांच्या सासऱ्यांचा पैसा आहे. सिनेमावाल्यांना आयतं मिळावं असं प्रकरण. वारले १९३३ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी.

बदनामी मात्र मागे राहिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या १९५६ च्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या गाजलेल्या पुस्तकातसुद्धा मिसिसिपीची सगळ्यात वाईट राजवट म्हणून एम्सच आहेत. त्यांची मुलगी ब्लँच खवळली. दुरुस्ती करा म्हणून पत्रांमागून पत्रं. अखेर तिच्या नातवाला, लेखक जॉर्ज प्लिंप्टनला, खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडींनी बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या आजीला जरा आवर. आजी आवरली नाही. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, १९६४ मध्ये, तिनं वडिलांचं जाडजूड चरित्र छापून आणलं. बाई ग्रेटच.

पण चरित्राआधी दुसरं काही वाचा असं मी सुचवेन. कॉल्डवेलला १८७५ च्या ख्रिसमसच्या आठवड्यात क्लिंटनमध्ये एका ओळखीच्या गोऱ्यानं ‘चल, एक घोट घेऊ’ म्हणून तळघरात नेलं. ग्लासला ग्लास लागला, तीच खूण, आणि पाठीमागून खिडकीतून गोळी आली. मला मारताय तर एका शूर माणसाला मारताय, भित्र्याला मारलं असं म्हणू नका, असं तो त्यांना सांगत होता. हे आपल्याला माहीत आहे ते त्याच्या बायकोमुळे. मिसिसिपीच्या निवडणुकीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या बॉटवेल समितीपुढे १८७६ मध्ये मार्गारेट कॉल्डवेलनं दिलेली साक्ष छापील अहवालात आहे, आणि एम्सनी मिलिशिया का विसर्जित करायला नको होती याचं उत्तर मला कुठल्याही इतिहासकारापेक्षा तिच्या साक्षीत जास्त सापडतं.