मार्व्हल कोणत्या क्रमाने बघावं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. विषय आहे मार्व्हलचे एकमेकांत गुंफलेले सुपरहिरो चित्रपट आणि मालिका. 'मार्व्हल पहिल्यांदाच बघत असाल तर रिलीजच्या क्रमानेच बघा' असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप चार. गोष्ट घडली त्या क्रमाने बघणं हेच सरळ, महाभारत कुणी शांतिपर्वापासून वाचत नाही. कोविडने विस्कटलेल्या रिलीजच्या क्रमाला प्रमाण मानण्यात अर्थ नाही. मालिकांना सरसकट 'ऐच्छिक' म्हणणं चूक. आणि 2008चा 'द इन्क्रेडिबल हल्क' 'वगळला तरी चालेल' हा सल्ला तर साफ चूक.

शेवटचे दोन आक्षेप मला मान्य आहेत, दुसरा अर्धा मान्य आहे, पहिला मात्र बिलकूल मान्य नाही. पुढे बरेच स्पॉयलर आहेत, तेव्हा ज्यांनी अजून काहीच बघितलेलं नाही त्यांनी इथेच थांबावं.

तुम्ही महाभारताचा दाखला दिलात म्हणून तिथूनच सुरुवात करतो. महाभारत घटनाक्रमाने सुरूच होत नाही. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती ऋषींना जी कथा सांगतो, ती वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितलेली. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. म्हणजे आदिपर्व उघडतं तेव्हा युद्ध होऊन तीन पिढ्या उलटलेल्या असतात. इतकंच नाही, पहिल्याच अध्यायात धृतराष्ट्राचा विलाप येतो आणि त्यात द्रौपदी स्वयंवरापासून अश्वत्थाम्याच्या अस्त्रापर्यंत सगळं सांगून होतं. सांगणाऱ्याने हा क्रम जाणूनबुजून निवडला आहे, कारण पुढचं सगळं तुम्ही 'हे अटळ आहे' या जाणिवेने ऐकावं अशी त्याची इच्छा आहे. घडण्याचा क्रम वेगळा आणि सांगण्याचा क्रम वेगळा. सांगण्याचा क्रम मोडला की गोष्टच बदलते.

आता हेच मार्व्हलमध्ये कुठे बोचतं ते बघा. घटनाक्रमाच्या याद्यांत पहिला 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' (2011, कथा दुसऱ्या महायुद्धातली) आणि दुसरा 'कॅप्टन मार्व्हल' (2019, कथा 1995 मधली). वरवर सरळ वाटतं. पण या वीरांना एकत्र आणणाऱ्या हेरप्रमुख निक फ्यूरीचा डोळा आठवा. 2008 मध्ये 'आयर्न मॅन'च्या श्रेयनामावलीनंतर काळी पट्टी बांधलेला हा माणूस अंधारात उभा असतो, आणि तो डोळा कसा गेला हे कुणी सांगत नाही. 2014 च्या 'द विंटर सोल्जर'मध्ये तो स्टीव्ह रॉजर्सला, म्हणजे कॅप्टन अमेरिकाला, म्हणतो की मागच्या वेळी कुणावर विश्वास टाकला तेव्हा एक डोळा गमावला. तो सगळा चित्रपट विश्वासघाताचा आहे, म्हणून हे वाक्य जड पडतं. ऐकणाऱ्याच्या मनात कुठल्या तरी जुन्या दगाबाजीचं चित्र उभं राहतं. पाच वर्षांनी 'कॅप्टन मार्व्हल'मध्ये कळतं की तो डोळा गूस नावाच्या मांजरीसारख्या प्राण्याने ओरबाडला. या क्रमाने हा प्रसंग खळखळून हसवतो. उलट क्रमाने मांजर आधी आली, तर 'विंटर सोल्जर'मधलं ते वाक्य कानावर पडताच हसू येतं, नेमकं जिथे यायला नको तिथे. वाक्य तेच, नटही तोच, पण प्रेक्षकाला आधी काय ठाऊक आहे त्यावर सगळं फिरलं.

दुसरं उदाहरण पेजरचं. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थॅनॉस हा खलनायक एका चुटकीत निम्मी जीवसृष्टी राख करतो. अगदी शेवटी फ्यूरी गाडीतून उतरतो, त्याची सहकारी मारिया हिल डोळ्यांदेखत राख होऊन उडून जाते, तो धावत जाऊन बॅगेतून एक जुनाट पेजर काढतो, बटण दाबतो आणि स्वतः विरून जातो. पेजर रस्त्यावर पडतो. कॅमेरा त्याच्या इवल्याशा पडद्यावर येऊन थांबतो, आणि मग लाल-निळ्या रंगावर एक तारा उमटतो, कॅप्टन मार्व्हलचं चिन्ह. एप्रिल 2018 ते मार्च 2019 हे जवळपास वर्षभर तो तारा प्रेक्षकाच्या डोक्यात राहावा म्हणून ते दृश्य तसं रचलंय. 'कॅप्टन मार्व्हल' आधीच बघितलेल्याला तिथे फक्त 'हां, तिला बोलावलं' एवढंच कळतं.

'ब्लॅक विडो'चं तर याहून वाईट. कथा 2016 च्या 'सिव्हिल वॉर'ला लागून घडते, म्हणून घटनाक्रमवाले तो तिथे ठेवतात. त्याच्या श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यात येलेना तिच्या मानलेल्या बहिणीच्या, नताशाच्या (हीच ब्लॅक विडो), थडग्यापाशी उभी आहे. 'एंडगेम' बघायच्या कितीतरी आधी तुम्ही नायिकेचं थडगं बघून मोकळे! तरीही कुणाला तो तिथेच बघायचा असेल तर नावं सुरू होताच बंद करा आणि ते शेवटचं दृश्य 'एंडगेम'नंतर वेगळं बघा. 'अँट-मॅन अँड द वास्प'लाही हाच नियम. मूळ कथा 'इन्फिनिटी वॉर'च्या थोडी आधी घडते, पण श्रेयनामावलीच्या मधल्या दृश्यात तीन माणसांची राख होते. ती का, हे 'इन्फिनिटी वॉर' न बघता कळूच शकत नाही.

शिवाय हा घटनाक्रम ठरवायचा कुठून? खुद्द चित्रपटांतली वर्षं एकमेकांशी जुळत नाहीत. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' 2012 च्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतरच्या ढिगाऱ्यात सुरू होतो आणि पडद्यावर पाटी येते, '8 वर्षांनंतर'. गणित केलं तर 2020. पण ही कथा 'सिव्हिल वॉर'नंतर काही महिन्यांत घडते, आणि 'सिव्हिल वॉर'मध्ये व्हिजन सांगतो की टोनी स्टार्कने आपण आयर्न मॅन असल्याचं जाहीर केलं त्याला आठ वर्षं झाली, म्हणजे 2016. पाटी खरी मानली तर 2018 मध्ये राख झालेला पीटर पार्कर (स्पायडर-मॅन) 2020 मध्ये शाळेत जातोय. आणि 'लोकी' मालिका तुम्ही कुठे ठेवणार? तिची सुरुवात 2012 मध्ये, पण तो 2012 म्हणजे 'एंडगेम'मध्ये वीरांनी काळात मागे जाऊन ढवळलेला 2012. पुढची कथा तर काळाच्या बाहेरच्या कार्यालयात चालते. तिला घटनाक्रमात जागाच नाही, रिलीजच्या क्रमात मात्र आहे, 'एंडगेम'नंतर.

एक अदलाबदल मात्र मला पटते. 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'चा पहिला भाग 1988 मध्ये सुरू होऊन '26 वर्षांनंतर'वर येतो, दुसरा 1980 मध्ये सुरू होऊन '34 वर्षांनंतर'वर. दोन्ही 2014. दुसरा भाग 2017 चा असला तरी पहिल्याच्या लगेच पाठोपाठ बघितला तर पृथ्वीवरचं काहीच फुटत नाही, आणि ग्रूट या झाडासारख्या पात्राचं रोपटं ताजं आठवत असतं.

आता कोविडचा मुद्दा. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं. 'ब्लॅक विडो' 1 मे 2020 ला यायचा होता, तयार होता, पण डब्यात पडून राहिला आणि जुलै 2021 मध्ये आला. पुढे महत्त्वाची ठरणारी व्हॅलेंटिना द फाँटेन हिची पहिली ओळख त्यात होणार होती. प्रत्यक्षात ती एप्रिल 2021 मध्ये 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'च्या पाचव्या भागात आधी दिसली. ही मालिकाही 'वांडाव्हिजन'च्या आधी यायची होती, तोही क्रम उलटला. म्हणजे या दोन-तीन नावांपुरता रिलीजचा क्रम हा सांगणाऱ्याचा क्रम नाही, तो अपघात आहे. त्यामुळे 'ब्लॅक विडो' 'एंडगेम'नंतर लगेच आणि 'फाल्कन'च्या आधी बघितला तर उत्तमच.

पण 'नो वे होम' (स्पायडर-मॅन) आणि 'मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (डॉक्टर स्ट्रेंज) यांच्याबाबत हे लागू होत नाही. मूळ वेळापत्रकात डॉक्टर स्ट्रेंजचा चित्रपट मे 2021 ला आणि स्पायडर-मॅन जुलै 2021 ला होता. पुढे उलट झालं, स्पायडर-मॅन डिसेंबर 2021 ला आणि डॉक्टर स्ट्रेंज मे 2022 ला आला. फरक असा की हे दोन्ही चित्रपट तेव्हा तयार होऊन पडलेले नव्हते, त्यामुळे नव्या क्रमाला धरून पटकथा बदलल्या गेल्या. तेव्हा इथे रिलीजचाच क्रम पाळायचा. तयार होऊन रखडलेला चित्रपट हलवता येतो, बदललेल्या क्रमासाठी पुन्हा लिहिलेला हलवू नये.

मालिकांबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर. 'वांडाव्हिजन'चे 9 भाग न बघता 'मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस'ला बसणाऱ्याला वांडा एकाएकी खलनायिका का झाली, ती मुलं कुणाची, ते काळं पुस्तक कुठून आलं, यातलं काहीच उमगत नाही. त्या नऊ भागांसाठीही पाया लागतो: 'एज ऑफ अल्ट्रॉन', 'सिव्हिल वॉर', 'इन्फिनिटी वॉर', 'एंडगेम'. बरेच जण ही मालिका दोन भागांनंतर सोडतात, कारण पहिले दोन भाग 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अमेरिकी विनोदी मालिकांच्या धाटणीचे, जवळजवळ पूर्ण कृष्णधवल आणि चौकोनी चौकटीतले आहेत. काय चाललंय ते चौथ्या भागात कळतं. म्हणून पहिले चार एका बैठकीत बघा, दोन तासांच्या आसपास लागतात.

आणि एक महत्त्वाचं, जे खूप जणांच्या हातून निसटतं. ॲप नावं सुरू होताच पुढच्या भागावर उडी मारतं. 'वांडाव्हिजन'च्या 7, 8 आणि 9 या तिन्ही भागांत नावांच्या मध्ये दृश्यं आहेत, नवव्यात तर अगदी शेवटीही एक आहे. 'लोकी'च्या पहिल्या सीझनमध्ये चौथ्या भागाचं असंच. ते चुकलं तर पाचवा भाग सुरू झाल्यावर 'हा जिवंत कसा?' असा प्रश्न पडतो. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले आधी बंद करा.

'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' (पहिला सीझन मार्च 2025, 9 भाग) साठी तर रिलीजचा क्रम कुचकामीच आहे, हे मी आता मान्य करतो. नेटफ्लिक्सवर आलेली जुनी 'डेअरडेव्हिल' मालिका 2015 ते 2018 ची. ती चित्रपटांच्या मध्ये मध्ये तारखेप्रमाणे घुसवली तर दोन्हींचा धागा तुटतो. ती सलग, वेगळी बघावी. सीझन 1 आणि 2 प्रत्येकी 13 भाग, मग 'द डिफेंडर्स' 8 भाग, मग सीझन 3, पुन्हा 13. एकूण 47 भाग, साधारण चाळीस तास. मधला 'डिफेंडर्स' गाळण्याची चूक सर्रास होते. त्याच्या शेवटी मॅट मर्डॉकवर (हाच डेअरडेव्हिल, आंधळा वकील) अख्खी इमारत कोसळते आणि तिसरा सीझन त्याच जखमांपासून सुरू होतो. गाळलात तर हा माणूस मठात आणि अंथरुणाला खिळलेला का, तेच कळणार नाही.

त्यानंतर डेअरडेव्हिलचा वैरी विल्सन फिस्क याचा माग घ्यायचा. 'हॉकआय'च्या पाचव्या भागाच्या शेवटी फोनवरच्या फोटोत तो दिसतो, सहाव्यात प्रत्यक्ष येतो, मग 'एको'चे 5 भाग, आणि तिथून 'बॉर्न अगेन'. 'हॉकआय'चा पाचवा भाग 15 डिसेंबर 2021 ला आला आणि दुसऱ्याच दिवशी भारतात 'नो वे होम' लागला, ज्यात मॅट मर्डॉक पाठीमागून आलेली वीट न बघता झेलतो. तीन वर्षं गायब असलेला नायक आणि त्याचा वैरी सलग दोन दिवसांत परतले. हे दोन एकापाठोपाठ एक बघा, आजही अंगावर काटा येतो.

राहिला हल्क. मी तो वगळायला सांगितलं, कारण नट बदलला, एडवर्ड नॉर्टनच्या जागी 2012 पासून मार्क रफेलो आला आणि पुढच्या चित्रपटांनी त्या कथेकडे बराच काळ पाठ फिरवली. पण त्यातला खलनायक एमिल ब्लॉन्स्की 'शी-हल्क' मालिकेत परत आला, आणि फेब्रुवारी 2025 चा 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' तर सरळ त्याच पायावर उभा आहे. 2008 मध्ये बॅनरचं, म्हणजे हल्कचं, रक्त सॅम्युअल स्टर्न्स या शास्त्रज्ञाच्या डोक्यावरच्या जखमेत ठिबकतं, कपाळ फुगायला लागतं, आणि तो धागा सतरा वर्षं तसाच लोंबकळत राहिला. तो इथे उचलला, नटही तोच, टिम ब्लेक नेल्सन. हल्कच्या मागे लागलेल्या जनरल रॉसचं आणि त्याच्या मुलीचं बिनसलेलं नातंही 2008 चंच. विल्यम हर्ट यांच्या निधनानंतर ती भूमिका हॅरिसन फोर्डने केली, म्हणून जुना चित्रपट न बघितलेल्याला हा माणूस अगदीच परका वाटतो.

2008 चा हल्क युनिव्हर्सलने वितरित केला होता आणि स्पायडर-मॅनचे चित्रपट सोनीचे, त्यामुळे बाकीच्यांबरोबर एकाच ॲपवर सगळे मिळतीलच असं नाही, आधी शोधून ठेवा. हल्क 'आयर्न मॅन'नंतर दुसरा बघा. त्याच्या शेवटच्या दृश्यात टोनी स्टार्क दारूच्या गुत्त्यात रॉसला भेटायला येतो, ते 'आयर्न मॅन 2'च्या नंतरचं आहे. 'आयर्न मॅन 2'मध्ये फ्यूरी आणि टोनी बोलत असताना मागच्या पडद्यावर हल्कच्या विद्यापीठातल्या धुमश्चक्रीची बातमी चालू असते, तिथे हे दोन जुळतात. बारकाईने बघितलं तर दिसतं.

मूळ लेखातली हल्कची ओळ मी काढली आहे, 'ब्लॅक विडो'ची जागा बदलली आहे आणि डेअरडेव्हिलचा क्रम वेगळा जोडला आहे. 'कॅप्टन मार्व्हल' मात्र जिथे होता तिथेच, 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम'च्या मध्ये.